थिंबल कोव्हची वही

१

डब्यात पेन होतं. वही नव्हती.

ग्लेनिस ट्रेझाइजने तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा उलटा करून दोनदा आपटला. चार इंच जाडीची वही कोपऱ्यात कुठेतरी चिकटून बसली असेल ही शक्यता कमीच होती, पण सदुसष्टाव्या वर्षी माणूस कुठलीच शक्यता सोडत नाही. डब्यातून चिमूटभर वाळू पडली आणि घडी घातलेली पावाची कागदी पिशवी पडली. पिशवीवर लिहिलं होतं:

'लिन आणि हामिश, मेलबर्न. शुक्रवार, दुपारी साडेबारा. डब्यात वही नाही म्हणून यावर लिहितो. किनारा म्हणजे स्वर्ग आहे. स्वर्गात शौचालय नाही हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.'

शनिवारचे सकाळचे सात वाजले होते. किनाऱ्यावरच्या शेडसमोर थिंबल कोव्ह या छोट्या खाडीचं पाणी काचेसारखं पसरलं होतं. दोन्ही बाजूंनी खडक, मध्ये मूठभर पांढरी वाळू. ऐंशी किलोमीटरच्या टापूत पोरांना पोहायला शिकवावं असं तेवढंच पाणी. बाकीचा समुद्र शिकवत नाही, घेऊन जातो. पोर्ट क्विलर गावातला प्रत्येक माणूस इथे नाकातोंडात पाणी जाऊन मोठा झालेला होता.

इथे यायचा रस्ता मात्र गावाचा नव्हता. तो लायल पेंगिलीच्या कुरणांतून, तीन फाटकं ओलांडून येत असे. लायल एक्क्याऐंशी वर्षांचा. समुद्रापासून तीन किलोमीटरवर जन्मला आणि समुद्राशी त्याने कधी ओळख करून घेतली नाही. वाळू मेंढ्यांच्या उपयोगाची नसते, हे त्याचं समुद्राविषयीचं संपूर्ण मत. पण येणाऱ्याजाणाऱ्याला त्याने कधी अडवलं नव्हतं. आता तो जमीन विकत होता. घेणारी शहरातली कंपनी तिथे चौदा आलिशान झोपड्या बांधून एकांत विकणार होती आणि पहिल्या फाटकाला कुलूप लावणार होती.

गुरुवारी रात्री गावच्या हॉलमध्ये सभा झाली. नगरपालिकेचा कारकून म्हणाला, "चाळीस वर्षं लोक उघडपणे हा रस्ता वापरत आलेत असा पुरावा आणा. रस्ता नकाशावर सार्वजनिक म्हणून लावू. मग कोणाचंही कुलूप चालणार नाही. सोमवारी सकाळी दहापर्यंत."

पुरावा होता. एक्केचाळीस वर्षं शेडमधल्या डब्यात ठेवलेली वही. तीन वह्या एकत्र शिवून केलेलं बाडच ते. येणाऱ्याने तारीख, नाव, गाव आणि शेरा लिहायचा. सभेत बरेच प्रश्न निघाले. कंपनीचा दलाल म्हणजे लायलचा भाचा ट्रॉय. त्याने विचारलं, वही खरी कशावरून? लायलने विचारलं, ती मोठ्याने वाचणार का? कारकून म्हणाला, "कोणी मागणी केली तर पानन् पान." त्यावर मच्छीमार स्टाव मागून ओरडला, "मग जेवणाचे डबे घेऊन या रे! अर्धी वही तर उनानेच भरवलीय!" उना म्हणजे लायलची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. हॉल हसला आणि सभा चहाकडे वळली.

वही सोमवारी हजर करायचं काम ग्लेनिसकडे होतं. शुक्रवारी टपाल वाटून ती इथे डुंबली होती, दहा वाजता वहीत नावही लिहिलं होतं. सव्वादहाला निघाली तेव्हा वही डब्यात होती.

तिने एकशे दहा किलोमीटरवरच्या पोलीस ठाण्याला फोन लावला.

"वही?" पलीकडचा पोलीस म्हणाला. "लिहायची?"

"हो."

"बुधवारी येतो."

२

ग्लेनिसचं पोस्ट ऑफिस म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. नऊ वाजता लायल पेंगिली आला. त्याने तिच्या नुकत्याच झाडलेल्या पायरीवर बूट आपटून लाल माती आणि पांढरी वाळू रिकामी केली, टोपी काढली आणि म्हणाला, "दोन मेंढ्या मेल्या."

"कशाने रे?"

"तहानेने. मधलं फाटक कोणीतरी लावून टाकलं. काल बेचाळीस अंश. टाकी पलीकडे, मेंढ्या अलीकडे. संध्याकाळी गेलो तर सगळ्या तारेला नाक लावून उभ्या."

खेड्यातला एकच कायदा असा आहे जो कोणी मोडत नाही. फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, लायलचं पहिलं आणि तिसरं फाटक लावलेलं असतं. मधलं पाण्यासाठी उघडं असतं.

"मी सव्वादहाला निघाले, साडेदहाला फाटक ओलांडलं. तेव्हा उघडं होतं," ग्लेनिस म्हणाली.

"तुझ्यावर कोण संशय घेतंय? हे शहरातल्यांचं काम. कॅरॅव्हानच्या तळावर एक जोडी उतरलीय. शहरातल्या माणसाला फाटक दिसलं की घरचं दार आठवतं. दार आठवलं की लावावंसं वाटतं."

"लायल, वहीसुद्धा गेली."

लायलने टोपी हातात फिरवली. "कागदच तो," तो म्हणाला. "किती टिकणार?" आणि दोन मेंढ्यांसाठी आलेला माणूस मेंढ्यांबद्दल आणखी एक शब्दही न बोलता निघून गेला.

ग्लेनिसने पुन्हा झाडू घेतला. दुपारपर्यंत गावात निकाल लागला होता. फाटक शहरातल्यांनी लावलं, म्हणजे वहीही शहरातल्यांनीच नेली. पोस्टातच मिळणारा पाव न्यायला आलेल्या तीन बायकांनी तिला हे तीन वेगवेगळ्या आवाजांत सांगितलं. चौथीने विचारलं, "पण वहीत शेवटचं नाव तुझंच होतं ना गं?"

ग्लेनिसने पोस्ट बंद केलं आणि ती कॅरॅव्हानच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, तळावर गेली.

३

लिन खुर्चीत बसून हातावरच्या ओरखड्यांना मलम लावत होती. हामिश पालथा झोपला होता. त्याची पाठ उकडलेल्या खेकड्याच्या रंगाची झाली होती.

"काल तुम्ही मधलं फाटक लावलंत का?" ग्लेनिसने विचारलं.

"मधलं?" लिन म्हणाली. "मध्ये फाटक नव्हतंच. पहिलं होतं, लोखंडी. लावलेलं होतं. उघडलं, गाडी आत घेतली, परत लावलं. पुढे कुंपण आडवं आलं. रस्ता कुंपणाखालून पलीकडे जात होता."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"सरकारी काम असेल," हामिश उशीतून म्हणाला.

"गाडी तिथेच ठेवली आणि तारांमधून घुसलो," लिन म्हणाली. "हे बघा हात. तिथून तीन किलोमीटर चाललो, बर्फाची पेटी उचलून. ह्याने शर्ट डोक्याला बांधला होता. पाठीला बांधायला हवा होता."

"किती वाजले होते कुंपणाशी?"

"साडेअकरा. ह्याने स्वतःचा फोटो काढलाय. नवऱ्याचा शेवटचा फोटो म्हणून मी जपून ठेवणार होते."

फोटोत साडेअकरा वाजले होते आणि हामिशच्या मागे लायलचं मधलं फाटक होतं. लावलेलं.

ते फाटक पाच तारा आणि तीन सैल काठ्यांचं. टोकाची काठी आधी खांबाच्या खालच्या कड्यात अडकवायची, मग खांद्याने खांबाला भिडायचं, काठीला मिठी मारायची आणि श्वास रोखून वरचं कडं तिच्यावर चढवायचं. लावल्यावर ते अगदी कुंपणासारखं दिसतं. ग्लेनिस पंधरा वर्षं टपालाची गाडी चालवते. ती मिठी जमायला तिला दोन वर्षं लागली होती. नवरासुद्धा तेवढ्या वेळात वळणावर आला होता.

ज्यांना ते फाटक आहे हेच कळलं नाही, ते लावणार कसे?

म्हणजे ग्लेनिस गेल्यावर आणि ही दोघं यायच्या आधी, त्या एका तासात कोणीतरी आत गेलं, वही घेतली, बाहेर आलं आणि येताना फाटक लावलं. असा माणूस, ज्याला ती मिठी येते.

"वाटेत कोणी दिसलं?"

हामिशने मान उचलली. "मोठ्या रस्त्यावर, फाटकाकडे वळण्याआधी. एक गाडी धुरळा उडवत गेली. पांढरी पिकअप."

ग्लेनिसने उसासा टाकला. जिल्ह्यात एकशे दहा पांढऱ्या पिकअप होत्या. त्यांतली एक बाहेर उभी होती. तिची स्वतःचीच.

४

स्टाव कालिवासने तिला परसात बसवलं आणि तळलेली कालवं पुढे केली. ज्या टेबलावर ती ठेवली होती, ते 'थिंबल कोव्ह ३ कि.मी.' अशा अकरा पाट्यांचं बनलेलं होतं. नगरपालिका पाटी लावायची, स्टाव काढायचा. टेबलाला अजून एक फळी हवी होती.

"तुला तो रस्ता सार्वजनिक व्हायला नकोय," ग्लेनिस म्हणाली.

"नकोच आहे. झाला की गाड्या ठेवायला जागा येईल, मग आइस्क्रीमची गाडी येईल, मग कोणीतरी ढोल वाजवेल."

"आणि बंद झाला तरी तुला बोट आहे."

"मला आहे. माझ्या नातीला नाही. ती सहा वर्षांची आहे, रविवारी आईबरोबर गाडीतून येते. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा पाण्यावर तरंगली. हे लिहिलंय त्या वहीत, तिने स्वतः, उलटा 'त' काढून." स्टावने काटा खाली ठेवला. "बाई, मी पाट्या चोरतो. वही चोरत नाही. आणि काल पहाटे पाचपासून दुपारी चारपर्यंत माझ्यासकट सात बोटी पाण्यात होत्या. त्यातल्या सहा जणांना विचार. शिव्या देतील, पण खोटं बोलणार नाहीत."

तिने विचारलं. शिव्या खाल्ल्या. स्टाव खरं बोलत होता.

ट्रॉय पबमध्ये घास एका बाजूने चावत बसला होता. बोलताना त्याच्या पुढच्या दातांमधून वारा जायचा.

"मिसेस ट्रेझाइज, वही गेली हे ऐकून मला फार आनंद झाला," तो म्हणाला. "पण आनंद होणं हा गुन्हा नाही."

"फाटक लावता येतं ना तुला?"

ट्रॉयने ओठ वर केला. एक दात नव्हता. "गेल्या नाताळात मामा म्हणाला, इथे जन्मलास, फाटक लावून दाखव. काठी सुटली. दात टाकीत पडला आणि एका मेंढीने प्यायला. तेव्हापासून मी त्या फाटकाच्या वाऱ्याला उभा राहत नाही. आणि माझी गाडी लाल आहे, जमिनीला पोट घासतं तिचं. आत नेली असती तर अजून तिथेच असती."

रविवारी सकाळी ग्लेनिस पायरी झाडत होती. स्टाव नाही. ट्रॉय नाही. पाहुणे नाहीत. गावातल्या बाकी कोणाचं त्या वहीशी वैर असायचं कारण नाही. सगळ्यांची पोरं त्या पाण्यात बुडून वर आलेली. उद्या दहा वाजता ती रिकामा डबा घेऊन उभी राहणार, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून गावची पोरं पाणी फक्त बादलीत बघणार.

झाडूचं टोक दोन फळ्यांच्या मधल्या खाचेत गेलं आणि तिथून चार पांढरे कण उडाले.

ग्लेनिस थांबली. शनिवारी सकाळी ती किनाऱ्यावरून अनवाणी आली होती, मागच्या दाराने. मग या पायरीवर वाळू कोणी आणली?

तिला बूट आठवले.

मग फाटकाचा कायदा आठवला. तो कायदा सगळ्यांना बांधतो. फक्त एका माणसाला बांधत नाही.

५

लायलच्या स्वयंपाकघरात घड्याळ आणि माशी एवढाच आवाज होता. त्याने चहा केला, फळांचा केक कापला आणि समोर बसला.

"फाटक जसं सापडेल तसं सोडायचं," ग्लेनिस म्हणाली. "हे कोणाला लागू नाही, लायल?"

"सगळ्यांना लागू आहे."

"ज्याचं फाटक आहे त्याला नाही. तो त्याला हवं तसं सोडतो."

लायलने कप उचलला आणि तोंडाशी न नेता खाली ठेवला.

"शुक्रवारी मी गेले आणि तू पिकअप घेऊन खाली गेलास. शेडपर्यंत. तुझ्या बुटांतली पांढरी वाळू माझ्या पायरीवर पडली. तुझ्या सगळ्या रानात लाल मातीशिवाय काही नाही. वही घेतलीस, परत निघालास. डोकं ठिकाणावर नव्हतं तुझं. साठ वर्षं जे हात करत आले ते त्यांनी केलं. गाडी पलीकडे काढली, उतरलास, मागचं फाटक लावलंस, निघून गेलास."

"मी?" लायल म्हणाला. "मी लावलं?"

त्याचा चेहरा पाहून ग्लेनिसला कळलं की हे त्याला ठाऊकच नव्हतं. शहरातल्यांना त्याने मनापासून शिव्या घातल्या होत्या.

"दोन मेंढ्या," तो स्वतःशीच म्हणाला. मग तो उठला, थंड चुलीच्या भट्टीचं दार उघडलं आणि आतून वही काढून टेबलावर ठेवली.

"जाळणार होतास?"

"या उन्हात चूल कोण पेटवतो? लपवली होती." तो बसला. "मला बघायचं होतं तिने काय लिहिलंय. सगळे हसले त्या दिवशी. म्हटलं, आधी आपण वाचावं."

त्याने एक पान उघडून तिच्याकडे सरकवलं. अक्षर उनाचं, ठसठशीत.

'१४ फेब्रुवारी. उना पेंगिली. पाणी गार. लायल मंगळवारपासून बोललेला नाही. आज शनिवार.'

'३ मे. उना पेंगिली. माझा वाढदिवस. लायलने मेंढ्यांचं जंताचं औषध आणलं. चुकून नाही.'

'२० जुलै. उना पेंगिली. किनाऱ्यावर कोणी नव्हतं. मोठ्याने ओरडून घेतलं. फार बरं वाटलं.'

"हे उद्या तो कारकून वाचणार," लायल म्हणाला. "स्टाव मागणी करणार. ट्रॉय तिथे असणार. अख्खा गाव. लायल पेंगिली बायकोला जंताचं औषध देतो."

"लायल, डब्याला कुलूप नसतं. एक्केचाळीस वर्षं सगळा गाव हे वाचतोय."

लायलच्या कानांपर्यंत रंग चढला. "सगळा?"

"पाद्रीबाबांना तर जंताच्या औषधाचं पान पाठ आहे. न वाचलेला तू एकटाच राहिला होतास. किती वाचलंस?"

"नव्वद सालापर्यंत. पुढे धीर झाला नाही."

ग्लेनिसने वही ओढली आणि मागून पानं उलटत सहा वर्षांपूर्वीच्या एप्रिलवर थांबली. इथे अक्षर थरथरत होतं. तिने ते पान त्याच्यापुढे धरलं. त्याने चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं.

'उना पेंगिली. आता चालवत नाही. लायलने गाडीने आणलं. ग्लेनिसने धरून खाली आणलं. लायल तिसऱ्या फाटकाशीच थांबला. मेंढ्यांवर लक्ष ठेवतो म्हणाला. दोन तास ठेवलं. त्या कुरणात मेंढ्या नाहीत.'

माशी केकवर बसली. कोणी तिला उठवलं नाही.

"तिला माहीत होतं?" लायलने विचारलं.

"मोकळं कुरण आहे रे. तिथे ससा बसला तरी दिसतो."

"रडत होती का?"

"छे. हसत होती. तुझी टोपी गाडीच्या काचेतून दिसत होती, तिकडे बोट दाखवून हसत होती."

लायलने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ते पान पुन्हा वाचलं. मग टोपी घेतली.

"चल," तो म्हणाला. "पेन डब्यातच आहे ना?"

मधलं फाटक उघडं होतं, तसंच त्यांनी सोडलं. तिसऱ्या फाटकाशी लायलने सवयीने गाडी थांबवली आणि थोडा वेळ नुसता बसून राहिला. मग तो उतरला आणि त्याने फाटक उघडलं.

सोमवारी दहा वाजता वही कारकुनाच्या टेबलावर होती. कुठे होती म्हणून विचारलं तेव्हा ग्लेनिस म्हणाली, शिवण उसवली होती, शिवायला दिली होती. लायल पहिल्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्याने आदल्या संध्याकाळी कॅरॅव्हानच्या तळावर मेंढीची एक तंगडी माफीदाखल पोचवली होती. ती दोघं शाकाहारी निघाली, पण त्यांनी तंगडीचा फोटो काढून घेतला.

"पुरावा पुरेसा आहे," कारकून पानं चाळून म्हणाला. "रस्ता नकाशावर लागेल. वाचायची गरज नाही."

ट्रॉयने नकाशा गुंडाळला. स्टाव मागून उठला. "शेवटचं तरी वाचा की! कालचं!"

कारकुनाने लायलकडे पाहिलं. लायलने टोपीकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणून.

कारकुनाने वाचलं.

'रविवार, पाच वाजता. लायल पेंगिली. गाव: इथलाच. शेरा: पाणी गार आहे. उना, मेंढ्या नव्हत्या.'